अळणी पाणी

कुंडलिकाला पटकी लागली ती वैशाखातल्या एका सकाळी. ती आली कुठून, हे कळायला पंचांग उघडायची गरज नव्हती. पाटाला पाणी सुटलं की वस्तीवरची माणसं चारीचंच पाणी प्यायची. त्याच चारीत वरच्या अंगाला कुणी धुणं धुवायचं, कुणी म्हशी डुंबवायचं, आणि आणखी काय काय व्हायचं ते बोलायला नको. वस्तीला विहीर होती, पण तिचं पाणी मचूळ. चारीचं गोड. गोड लागतं म्हणून माणूस काय वाटेल ते पोटात घालतो, आणि मग देवीच्या नावानं बोटं मोडतो.

वस्ती अंथुर्ण्यापासून कोसभर आत. वीस-पंचवीस घरं, सगळी बागाईतवाली. वांगी, मिरची, कांदा काढायचा आणि इंदापूर, बारामतीच्या बाजाराला घालायचा. कुंडलिकाच्या घरात माणसं तीन. तो, त्याची विधवा आई द्वारकाबाई, आणि मागच्या वर्षी लग्न होऊन आलेली बायको विजयमाला.

ही विजयमाला कोऱ्हाळे बुद्रुकची. बाप हिंदुराव, उसाचे बागाईतदार. लेकीला मॅट्रिक करायचं असं त्यांच्या डोक्यानं घेतलं होतं. भावकी हसली, 'पोरीला काय मामलेदारीण करता का' म्हणाली, पण हा गडी कुणाला बधला नाही. लेकीला बारामतीला मामाकडं ठेवली आणि हायस्कुलात घातली. त्या शाळेत एक पितळी सूक्ष्मदर्शक होता. सायन्सचे गोसावी मास्तर त्याला पोटच्या पोरासारखा जपायचे, आणि वर्षातून एकदा बाहेर काढून सगळ्यांना रांगेनं त्यात बघू द्यायचे.

विजयमालेनं त्यात कांदा बघितला. म्हणजे कांद्याच्या पाकळीच्या आतलं ते पातळ, ओलं सालपट असतं ना, ते. नुसत्या डोळ्याला त्यात काहीच दिसत नाही. यंत्रात बघितलं तर विटेला वीट लावावी तशी घरं! मास्तर म्हणाले, "ही पेशी. बाहेर भिंत, भिंतीच्या आत अगदी तलम पडदा, आणि आत ठिपका दिसतो ते केंद्रक. सगळं जिवंत जग असल्या पेशींचं आहे. तू पण, मी पण." मग त्यांनी वाटीत मूठभर मीठ कालवून घट्ट खारं पाणी केलं आणि त्याचा थेंब काचेच्या कडेनं आत सोडला. बघता बघता घराच्या आतला ऐवज भिंतीपासून सुटला आणि आकसून मधोमध गोळा झाला. "पडदा पाण्याला वाट देतो, मिठाला देत नाही. जिकडं मीठ जास्त तिकडं पाणी धावतं. मिठानं आतलं पाणी ओढून काढलं," मास्तर म्हणाले. मग साधं पाणी सोडलं. आकसलेली पेशी पुन्हा भरली, पुन्हा भिंतीला टेकली. पोरीचा डोळा यंत्रावरून निघेना. मागच्या पोरांनी ढकलली तेव्हा कुठं बाजूला झाली.

पुढचा धडा प्राण्यांच्या पेशीचा होता. तो काही झाला नाही. कुंडलिकाचं स्थळ आलं. मुलगा एकुलता, निर्व्यसनी, जमीन पाटाखालची. मॅट्रिकचा हट्ट धरणारे हिंदुरावच म्हणाले, "असलं स्थळ दारात चालून आलंय, पुन्हा यायचं न्हाय." पुस्तक होतं तिथं मिटलं आणि पोर बोहल्यावर उभी राहिली.

नवरा मात्र लाखात एक मिळाला. शिकलेली बायको म्हणून दबला नाही की जळला नाही. एकदा स्वयंपाक करताना तिनं त्याला कांद्याचं ते सालपट काढून दाखवलं, आत कशी घरं असतात ते सांगितलं. कुंडलिक सालपट उजेडाला धरून म्हणाला, "म्हंजी कांद्याला हजार खोल्या, आन आमाला ही एकच? इचार की तुज्या मास्तरला, काय न्याव हाय ह्यो." पुढं दहाजणांत सांगायचा, "आमची मंडळी लई शिकल्याली. कांद्याच्या पोटात शिरून येती." ती लाजायची, पण मनातून सुखावायची. असा नवरा होता, म्हणून पुढचं सांगताना जीभ जड होते.

त्या सकाळी कुंडलिक कांद्याच्या रानातून घरी आला तोच पोट धरून. दुसऱ्यांदा परसाकडनं आला तेव्हा भिंतीला धरून चालत होता. चौथ्या-पाचव्या खेपेला त्याला उठवेना. तांदळाचं धुवण असतं तसं नुसतं पाणी चाललं होतं. वर उलट्या. अंथुर्ण्यात त्याच आठवड्यात पटकीनं माणसं गेली होती, त्यामुळे हे काय आहे ते सांगायला वैद्य नको होता.

द्वारकाबाईनं पहिलं काम काय केलं, तर त्याच्या उशाचा पाण्याचा तांब्या उचलून नेला.

"आत्याबाई, पाणी का नेलंत?" विजयमालेनं विचारलं.

"पाणी तोडायचं त्याचं. थेंब द्यायचा न्हाय."

"अवो, समदं पाणी चाललंय त्यांचं."

"चाललंय म्हणूनच," द्वारकाबाई म्हणाली. "चारी फुटली तर काय करत्यात? आदी वरनं दार बंद करत्यात, मग बांध घालत्यात. वरनं पाणी चालू ठिवून बांध ठरतोय व्हय? घातलं की वाहिलं. घातलं की वाहिलं."

ही काही दुष्टावा करणारी सासू नव्हती. पंचवीस वर्षं रानात दारं धरून पिकाला पाणी दिलेली बाई. पाणी कसं वागतं ते तिला तिच्या हाताइतकं माहीत होतं. नवरा गेल्यावर पोराला एकटीनं वाढवला, रानही एकटीनं राखलं. जे रानाला लागू तेच पोराला लागू, असं तिनं धरलं. वस्तीतही सगळे असंच करत. वाहणाऱ्याला कोरडा ठेवायचा, हीच रीत. ती रीत पाळून कितीजण वाचले हे मात्र कुणी कधी मोजलं नव्हतं.

विजयमाला धावत गेणबाच्या दारात गेली. गेणबा म्हणजे वस्तीचा न नेमलेला पाटील. देवीचं सगळं त्याच्या हाती. त्याच्याच अंगणात मरीआईचा गाडा तयार होत होता. लाकडाचा लहानसा गाडा, त्यावर हिरवं लुगडं, बांगड्या, लिंबं, नैवेद्य. वाजतगाजत शिवेबाहेर ढकलून द्यायचा. रोग गाड्यावर बसून पुढच्या गावाला जातो म्हणे, आणि पुढचं गाव तो त्याच्या पुढच्याच्या गळ्यात घालतं. शेजारधर्म म्हणतात तो हाच!

"तात्या, तुमची बैलगाडी द्या. ह्यांना इंदापूरला दवाखान्यात न्यायचंय," ती म्हणाली.

गेणबानं मान हलवली. "गाडा शिवंबाहीर पडल्याबिगर वस्तीवरनं चाक हालायचं न्हाय. गाव बांधल्यालं हाय. आता कुणी गाडी काडली तर आई त्याच गाडीवर बसून माघारी यील."

"मग गाडा आत्ताच न्या की."

"एक चाक व्हायचंय. अंथुर्ण्याच्या सुताराकडं दिल्यालं."

"कवा व्हणार?"

गेणबा जरा घुटमळला. "सुतारालाबी तीच आलीया," तो म्हणाला. "उद्या त्याचा भाऊ दील करून."

विजयमाला त्याच्या पाया पडली, मग रागानं ओरडली, मग पुन्हा पाया पडली. चार माणसं जमली. एकानंही तिची बाजू घेतली नाही. "एका कुंडलिकापायी समद्यास्नी मारतीस का?" गेणबानं विचारलं, आणि ते त्यानं खुनशीपणानं विचारलं नव्हतं. त्याला खरंच तसं वाटत होतं. असल्या माणसाशी भांडता येत नाही.

ती परत आली तेव्हा सूर्य डोक्यावर आला होता आणि नवऱ्याचं रूप ओळखू येत नव्हतं. डोळे खोल खोबणीत गेलेले, गालफडं बसलेली, हाताची बोटं दिवसभर धुणं धुतल्यासारखी सुरकुतलेली. पोटाची कातडी चिमटीत धरली तर तशीच उभी राहायची. आवाज गेला होता. ओठ हलत होते, ते 'पाणी' म्हणत होते एवढंच कळत होतं.

तिला काचेखालचा कांदा दिसला. भिंतीपासून सुटलेला, आकसलेला. माणसाच्या आत हजारो घरांतनं पाणी निघून चाललंय आणि आत सगळं गोळा होतंय, हे तिला डोळ्यांसमोर लख्ख दिसत होतं. सबंध वस्तीत ते दिसणारी ती एकटीच होती. आणि खरं सांगायचं तर इथवर पोरीचं रतीभर चुकलेलं नव्हतं.

"आत्याबाई, हे चारीवाणी न्हाय," ती हात जोडून म्हणाली. "माणसाच्या आत बारीक बारीक घरं असत्यात, पाण्यानं भरल्याली. ती वाळाय लागल्यात. पाणी दिलं तर ती परत भरत्यात. म्या डोळ्यानं बघितलंय."

"कांद्यात बघितलंस तू. माझा लेक काय कांदा हाय?"

पुढं हेच वाक्य विजयमालेला झोपू देणार नव्हतं. पण त्या वेळी तिला ते अडाणी वाटलं.

दोघींची बोलाचाली चालली असताना मागं काहीतरी खरवडल्याचा आवाज झाला. बघतात तो कुंडलिक अंथरुणावरनं घसटत घसटत कोपऱ्यातल्या माठापाशी पोचला होता. माठावरचं झाकण काढायचं बळ त्याच्यात नव्हतं. माठाच्या बाहेरून पाझरलेली ओल तो जिभेनं चाटत होता.

द्वारकाबाई जागच्या जागी खाली बसली. पदर तोंडात कोंबला. "पाज बाई," ती म्हणाली. "पाज त्याला. मरायचाच आसंल तर तान्हेला तरी नगं."

विजयमालेनं हंडाभर पाणी चुलीवर ठेवलं, खळखळ उकळलं, निववलं, आणि नवऱ्याचं डोकं मांडीवर घेऊन वाटीवाटीनं पाजायला लागली. पहिलं उलटून पडलं. तिनं पुन्हा पाजलं. जुलाब थांबले नव्हतेच, पण जितकं जाई त्याहून जास्त ती घालत राहिली. उन्हं कलायला लागली तशी त्याची नजर ठिकाणावर आली. ओठांना जरा रंग आला. आणि त्यानं तिच्याकडं बघून, घोगऱ्या का होईना आवाजात म्हटलं, "माला, आता बरं वाटतंय गं."

काय सांगावं तिचं! हसू आणि रडू एकदमच आलं तिला. आकसलेली पेशी भरली, भिंतीला टेकली. तिला वाटलं, जिंकलं आपण. सगळ्या वस्तीला, गेणबाला, त्या तीन चाकांच्या गाड्याला आपण पुरून उरलो.

द्वारकाबाईलाही हुरूप आला. सणासुदीसाठी मडक्यात ठेवलेले तांदूळ होते, त्यातले पसाभर काढून तिनं पातळ पेज केली. मिठाचा खडा टाकला. औषध म्हणून नव्हे हो. अळणी पेज कशी द्यायची लेकाला, एवढाच विचार. निववून वाटी त्याच्या तोंडाला लावली. कुंडलिकानं दोन घोट घेतले. ते उलटले नाहीत. "चव लागतीया," तो म्हणाला. "आणिक दे."

विजयमाला बाहेर धुणी टाकत होती, ती आत आली. तिनं वाटीत बोट बुडवून जिभेला लावलं.

"मीठ घातलंय ह्यात?"

"मंग? घालू नगं?"

"आत्याबाई, मीठ न्हाय द्यायचं! मीठ आतलं पाणी ओढून घेतंय. आत्ता कुठं भरल्यात घरं, परत आकसत्याल. म्या डोळ्यानं बघितलंय, मिठाचा थेंब पडला की आत गोळा होतंय समदं!" आणि तिनं वाटी हातातनं काढून घेतली.

सकाळची द्वारकाबाई असती तर भांडली असती. पण दुपारी तिनं लेकाला माठ चाटताना बघितलं होतं. ती खालच्या आवाजात म्हणाली, "सकाळी मी चुकले. आता तुजं खरं." कुंडलिक वाटीकडं बघत राहिला. "अगं, दोन घोट तरी..." तो म्हणाला. विजयमालेनं त्याच्या कपाळावरून हात फिरवला आणि पोराची समजूत घालावी तशा आवाजात म्हणाली, "नगं धनी. बरं झाल्यावर हवं तेवढं खावा." वाटी घेऊन ती अंगणात गेली आणि पेज उकिरड्यावर ओतून आली. राहिलेली पातेल्यातली पेजही ओतली. शेजारच्या छबूबाईनं लिंबाचं सरबत आणलं होतं, त्यातही मीठ आहे म्हटल्यावर तेही परत पाठवलं.

त्यानंतर फक्त पाणी. स्वच्छ, उकळलेलं, अळणी पाणी. तांब्यांमागून तांबे. ती पोर एक क्षण त्याच्या उशापासनं उठली नाही. इतक्या मायेनं, इतक्या नेमानं कुणी कुणाची सेवा केली नसेल. तेच तर वाईट.

रात्रीचं काय झालं ते फार उगाळण्यात अर्थ नाही. पोटऱ्यांत गोळे येत होते, दोघी एकेक पाय धरून चोळत होत्या. जुलाब थांबेनात. मग तो भलतंसलतं बोलायला लागला. पहाटे त्यानं विजयमालेकडं बघून आईला विचारलं, "ही कोण गं? कुणाच्या घरची?" विजयमाला पाणी पाजतच राहिली. मग त्याला झटके आले. दिवस कासराभर वर आला तेव्हा कुंडलिक संपला होता.

मर्तिक उरकलं आणि त्याच दुपारी गाड्याचं चाक आलं. ढोल वाजवत गाडा शिवेबाहेर गेला. वस्ती सुटली. आता कुणीही कुठंही गाडी न्यायला मोकळा होता!

दोन दिवसांनी सरकारी मोटार आली. एक डॉक्टर, एक नर्स, लाकडी पेट्या. वस्तीवरच्या मारुतीच्या देवळात त्यांनी बस्तान मांडलं. टोचून घ्यायचं म्हटलं की लोक लांब पळत होते, आणि त्यांना धरून आणायला गेणबाच फिरत होता, कारण गाडा काढूनही त्याच्या घरात दोन माणसं आडवी झाली होती. आणि त्याच दिवशी द्वारकाबाईलाही पटकी लागली.

विजयमालेनं तिला जवळपास पाठीवरच देवळात नेली. नेताना म्हातारी म्हणत होती, "नगं नेऊस. मला जाऊ दे त्याच्या मागं." डॉक्टरानं तिचा हात धरला, शीर शोधली, सुई घातली. खांबाच्या खुंटीला एक काचेची बाटली टांगली आणि तिच्यातलं पाणी रबराच्या नळीनं थेंब थेंब म्हातारीच्या अंगात जायला लागलं. एक बाटली संपली, दुसरी लावली. विजयमाला भुईवर बसून बघत होती. संध्याकाळ व्हायच्या आत द्वारकाबाईच्या बोटांच्या सुरकुत्या भरून आल्या. तिनं डोळे उघडले आणि चहा मागितला.

डॉक्टर पुढच्या पेशंटकडं वळला तशी विजयमाला उठली. तिला नवल वाटत होतं, बाकी काही नाही. शाळेतल्यासारखंच तिनं विचारलं, "डॉक्टर, बाटलीत कसलं औषध हाय?"

"औषध कसलं, बाई. मीठ आणि पाणी." त्यानं वर न बघताच सांगितलं.

"मीठ?"

"मीठ. पटकीत नुसतं पाणी जात नाही, मीठ पण जातं. ते भरून दिलं नाही तर पाणी अंगात ठरत नाही."

"पण मीठ पाणी ओढतंय ना? पेशी आकसत्यात. आमच्या मास्तरांनी दाखवलं हुतं. कांद्याच्या."

आता डॉक्टरानं वर बघितलं. देवळाच्या या अंधारात, नऊवारी नेसलेल्या, उघड्या कपाळाच्या पोरीच्या तोंडून 'पेशी' ऐकून तो जरा थांबला. दमलेला होता, तरी बोलला. "मास्तरांनी मीठ किती घातलं होतं?"

"मूठभर. वाटीभर पाण्यात."

"तेवढ्यात कुणीही आकसेल. यात थोडंच असतं. डोळ्यांतलं पाणी असतं ना, तेवढं खारट. रक्तात असतं तेवढंच, म्हणून पेशीतनं पाणी बाहेर जात नाही की जास्तीचं आत घुसत नाही. आणि तो कांदा होता, बाई. त्याच्या पेशीला भिंत असते. अळणी पाणी कितीही आत गेलं तरी भिंत धरून ठेवते. आपल्या पेशीला भिंत नसते. नुसता पडदा. रक्तातलं मीठ उतरलं की पाणी पेशीत घुसतं, त्या फुगतात. मेंदूतल्या फुगल्या की माणूस बरळतो, झटके येतात." मग त्यानं विचारलं, "तुमच्याकडं कुणी गेलं का?"

"मालक."

"तोंडानं काय दिलं होतं?"

"पाणी. उकळून."

"आणि मीठ? पेजबीज?"

डॉक्टरानं तिच्या तोंडाकडं बघितलं आणि काय ते ओळखलं. खोटा धीर द्यायचा त्याचा स्वभाव नव्हता. "खारी पेज दिली असती तर वाचले असते, असं मी म्हणत नाही," तो म्हणाला. "दिली असती तर बरं झालं असतं, एवढंच." तेवढ्यात नर्सनं हाक मारली आणि तो गेला.

प्राण्यांच्या पेशीचा धडा विजयमालेला असा मिळाला. द्वारकाबाईच्या उशाला बसून ती त्या बाटलीकडं बघत राहिली. तिला किंचाळावंसं वाटत होतं. मला अर्धंच का शिकवलंत, नाहीतर शिकवलंतच कशाला, असं कुणाच्या तरी अंगावर ओरडावंसं वाटत होतं. पण ओरडणार कुणावर? बापावर, मास्तरांवर, का स्वतःवर?

दहाव्याला हिंदुराव कोऱ्हाळ्याहून आले. लेकीला माघारी न्यायचं असं ठरवूनच आले होते. विधी झाले, पावण्यारावळ्यांनी ओसरी भरली. द्वारकाबाई अजून उठून बसायलाही थकत होती, पण बोलायची थांबत नव्हती. आल्यागेल्याला एकच सांगायची. आताही तिनं सगळ्यांसमोर हिंदुरावांचा हात धरला.

"तुमच्या लेकीनं जिवाचं रान केलं, पावणं. शेवटल्या घडीपत्तुर पाणी पाजलं तिनं. मीच वैरीण झाले. म्या सकाळधरनं पाणी तोडलं लेकराचं. त्यानं माठ चाटला वो, माज्या डोळ्यांदेखत. माज्या हातानं गेला तो."

बाया डोळे पुसायला लागल्या. हिंदुरावांनी पोरीकडं बघितलं. दुःख होतंच, पण त्या दुःखातही छाती जरा फुगली होती. "शिकवल्याचं चीज झालं म्हणायचं," ते शेजारच्या माणसाला म्हणाले. "दैवापुढं इलाज न्हाय, पर पोर कुठं कमी पडली न्हाय."

विजयमाला तिथनं उठून आत गेली. माणसं पांगल्यावर द्वारकाबाई भिंतीला धरत आत आली आणि चुलीपाशी बसली. ताटातल्या भाकरीला तिनं हात लावला नव्हता. तिला खायचंच नव्हतं. देवळातनं आल्यापासून ती अशीच एकेक घास सोडत चालली होती, आणि लेकाला तहानेला मारलं म्हणून आपल्यालाही पोटात काही घालायचा हक्क नाही, असं ती स्पष्ट बोलून दाखवत होती. वर हेही म्हणाली, "तू जा पोरी बापासंगं. साळंत जा परत. तुज्यावाणी डोकं माजं आसतं तर माजं लेकरू जगलं आसतं."

एवढं ऐकल्यावर मात्र विजयमालेच्यानं राहवेना.

"आत्याबाई, तुमी पेजंत मीठ घातलं हुतं ते बराबर हुतं," ती म्हणाली. "डॉक्टर म्हणलं, बाटलीत मीठच आसतंय. मीठ आसलं तरच पाणी अंगात ठरतंय. म्या ती पेज उकिरड्यावर वतली. त्यांनी दोन घोट मागितलं, तरी दिलं न्हाईत. रातभर अळणी पाणी पाजलं, त्यानंच त्यांना झटकं आलं."

"ती पेज त्याला गोड लागली हुती," द्वारकाबाई म्हणाली.

"व्हय."

"आन म्या सकाळी पाणी तोडलं हुतं, ते?" म्हातारीनं विचारलं. तिच्या तोंडावर आशा होती. गेल्या दहा दिवसांत तिनं पहिल्यांदा कुणाच्या तोंडाकडं असं बघितलं होतं. विजयमालेला खोटं बोलता आलं असतं. एवढा एक शब्द फिरवला असता तर म्हातारी त्या दिवशी पोटभर जेवली असती.

"तेबी चुकलंच हुतं," विजयमाला म्हणाली.

"पाणी दिलं आसतं सकाळधरनं, आन मीठबी दिलं आसतं, तर?"

"काय सांगावं. जगलंबी आसतं."

द्वारकाबाईनं मान हलवली. "म्हंजी एकीनं सकाळी आन एकीनं रातीला," ती म्हणाली. "दोघींनी मिळून मारला म्हण की."

बाहेरून हिंदुरावांची हाक आली, "माला, आवर गं. येष्टी जाईल." तिचं लुगड्यांचं गाठोडं दाराशी बांधून ठेवलेलं होतं. ती उठली तशी द्वारकाबाईनं तिच्या पदराचं टोक धरलं. जोरात नाही, पण धरलं.

"जाऊ नगंस," म्हातारी म्हणाली. "हे मी दुसऱ्या कुणापाशी बोलू?" मग ताट जवळ ओढून तिनं भाकरीचा तुकडा मोडला, अर्धा विजयमालेच्या हातावर ठेवला, अर्धा आपल्या तोंडात घातला.

विजयमाला तो तुकडा हातात तसाच घेऊन ओसरीवर आली. "आबा, तुमी जावा," ती म्हणाली. "मी हितंच ऱ्हाते."

हिंदुरावांनी खूप समजावलं, पण पोर ऐकेना. शेवटी त्यांनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला. सासूसाठी एवढी माया ठेवणारी लेक आपल्या पोटी आली, असं वाटून त्यांचे डोळे भरून आले, आणि उपरण्यानं ते पुसत ते येष्टीच्या वाटेला लागले.